डाग गेले, दुखणं राहिलं

आधी एक ऐक, बाकीचं मग बोलू. तुझ्या सासूबाई, आत्याबाई, नाटक करत नाहीयेत गं. नागीण सुकून तीन महिने उलटून गेले, खपल्या पडल्या, बरगडीखाली फिकट पट्टा तेवढा उरला. तरी नुसता पदर घासला की त्या कळवळतात, रात्री उठून बसतात, ब्लाऊज नको म्हणतात. हे दुखणं शंभर टक्के खरं आहे. त्याला नाव आहे, कारण आहे आणि औषधही आहे.

तू घाबरून गेलीस हे मला कळतंय. माळेगावात कारखान्याचा हंगाम ऐन भरात, ऊस तोडणीला आलेला, पोरांच्या परीक्षा, गोठ्यातल्या धारा, आणि घरात एक म्हातारं माणूस रात्रभर विव्हळतंय. त्यात दारात येणारी प्रत्येक बाई नवा सल्ला देऊन जाते. पण बघ, एवढा संसार सांभाळणारी तू, हेही निभावशील. तुला फक्त नीट माहिती हवी, ती मी देते. गॅस बारीक कर आणि बस जरा.

खरं सांगू का, या दुखण्यात सगळ्यात वाईट काय असतं? बाहेरून काही दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर हाताला लागतो. इथं कातडी बरी झालेली असते आणि माणूस म्हणतं आग होतेय. मग घरातलेच हळूहळू म्हणायला लागतात, ‘मन रमवा, चार बायकांत जाऊन बसा, विसराल.’ दुखणाऱ्याला ते दुखण्यापेक्षा जास्त लागतं. म्हणून पहिलं काम हे कर. त्यांच्याजवळ बस आणि स्वच्छ शब्दांत सांग, ‘आत्या, तुमचं दुखणं खरं आहे. मला समजलंय. आपण यावर औषध घेऊ.’ एवढ्यानं आग थांबणार नाही, पण आपलं कुणी ऐकत नाही ही भावना तरी जाईल.

आता हे होतं कसं ते सांगते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की आपण म्हणतो, गेल्या एकदाच्या. पण त्यांचा विषाणू अंगातून पूर्ण जात नाही. पाठीच्या कण्याला लागून नसांच्या मुळाशी छोट्या छोट्या गाठी असतात, तिथं तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती कमी झाली, मोठं आजारपण आलं, कॅन्सरचे उपचार किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू झाल्या की त्याला संधी मिळते. मधुमेह असला तरी धोका वाढतो. मग तो एखाद्या नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो आणि त्या नसेच्या पट्ट्यात फोड उठतात. म्हणून नागीण अंगभर न पसरता एकाच बाजूनं, पाठीकडून पोटाकडं पट्ट्यासारखी येते. आणि म्हणूनच फोड यायच्या दोन-चार दिवस आधीपासून त्या जागी ठणका लागतो. कातडीआधी नस सुजलेली असते ना!

हे ज्यानं नीट ओळखलं, तो माणूस गावातला साधा फॅमिली डॉक्टर होता, ठाऊक आहे का? इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर नावाच्या छोट्या गावात एडगर होप-सिम्पसन हे डॉक्टर प्रॅक्टिस करत. आपल्याकडं आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची त्यांनी 16 वर्षं नोंद ठेवली. कोण, किती वयाचा, कुठं फोड आले, कांजिण्या कधी झाल्या होत्या, सगळं. त्यावरून 1965 साली त्यांनी मांडलं की नागीण बाहेरून येत नाही; कांजिण्यांचाच विषाणू अंगात राहतो आणि पुढं कधीतरी उठतो. नंतरच्या संशोधनात ते खरं ठरलं.

हे मी तुला मुद्दाम सांगतेय. परवा तुला कुणीतरी म्हणालं ना, की सुनेनं बाहेरून काहीतरी आणलं म्हणून सासूला नागीण उठली? किंवा शेतात कुणीतरी साप मारला, त्याचा शाप लागला? ते मनातून काढून टाक. तू काही आणलं नाहीस, आत्याबाईंच्या हातून काही पाप घडलं नाही. विषाणू त्यांच्याच अंगात त्यांच्या लहानपणापासून होता. सापाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

लागण होण्याबद्दलही घोळ नको. नागिणीच्या माणसाकडून दुसऱ्याला थेट नागीण होत नाही. फोड ओले असताना त्यातल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या कधीच झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. त्यामुळं त्या दिवसांत गरोदर बाई, तान्हं बाळ आणि कॅन्सरचे वगैरे उपचार चालू असलेलं माणूस यांना लांब ठेवायचं, फोड झाकायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. तुमच्या रानात ऊसतोडीच्या कोप्या पडतात, त्यात पोटुशी बाई असतेच. घरात कुणाला ओली नागीण असेल तर त्या बाईला घरकामाला हाताखाली घेऊ नकोस. पण एकदा सगळ्या खपल्या धरल्या की हा प्रश्न संपला. आत्याबाईंचे फोड जाऊन महिने झाले. नातवाला खुशाल मांडीवर बसू दे. त्यांच्यासाठी तेही एक औषधच आहे.

दुसरी भीती म्हणजे, ‘नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस दगावतं.’ आत्याबाई मनातून अजून त्याच धास्तीत असतील, विचारून बघ. त्यांना समजावून सांग. कण्यातून निघणाऱ्या नसा डावीकडच्या वेगळ्या आणि उजवीकडच्या वेगळ्या. एका नसेचा पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबतो, पलीकडं जात नाही. म्हणून नागीण सहसा अर्धा वेढा घालते आणि तिथंच संपते. क्वचित फोड दोन्हीकडं किंवा अंगभर दिसले तर प्रतिकारशक्ती फार कमी झाली असेल का हे तपासायला डॉक्टरांकडं तातडीनं जायचं, पण वेढा पूर्ण झाला म्हणून कुणी मरत नाही.

नागीण उतरवणाऱ्याकडं त्यांना नेलं होतं, हे सांगताना तुझा आवाज बारीक झाला होता. अगं, मी त्यावरून तुला रागावणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, तू गाडीत बसलीस. आपल्याकडं दूर्वा आणि तांदळाचा लेप, गेरू, काव, मंत्र हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याच्यावर विश्वास का बसतो तेही सांगते. नागिणीचे फोड दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचे आपोआपच सुकतात. लेप लावला तरी सुकतात, नाही लावला तरी सुकतात. श्रेय मात्र लेपाला जातं. आणि आत नसेला जी इजा होत असते, तिच्यापर्यंत कुठलाच लेप पोचत नाही. उलट कच्च्या फोडांवर माती-पाला लागला तर पू होतो, आणि मोलाचे पहिले दिवस हातचे जातात. त्या दिवसांबद्दल पुढं सांगते.

आधी आत्याबाईंच्या आजच्या दुखण्याकडं येऊ. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदरानं कुरतडली की काय होतं बघ. वरचं आवरण जातं, तार उघडी पडते, मग जरा धक्का लागला तरी ठिणगी उडते. विषाणूनं त्यांच्या नसेचं तसं केलंय. नस दुखावल्यामुळं मेंदूकडं चुकीचे निरोप जात राहतात. कधी काही न होता सणक येते, कधी सतत आग होते, कधी सुया टोचतात, कधी त्याच जागी बधिर लागतं आणि खाजही सुटते. आणि ज्या स्पर्शानं दुखायलाच नको, पंख्याचा वारा, पदराची कड, नातवाचं बोट, त्यानंही त्यांना चटका बसतो.

यातली एक गंमत ओळखून ठेव, नाहीतर घरात गैरसमज होतो. हलका स्पर्श सहन होत नाही, पण घट्ट दाबलेलं बऱ्याच जणांना बरं वाटतं. म्हणून आत्याबाई तळहातानं ती जागा दाबून बसतात. बघणारा म्हणतो, ‘खरंच दुखत असतं तर हात लावू दिला असता का?’ अगं, हीच तर नसेच्या दुखण्याची खूण आहे. तुझ्या नवऱ्याला, दाजींनाही हे समजावून सांग.

फोड आल्यापासून तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं तर डॉक्टर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. कागदावर नुसतं पीएचएन लिहितील. नागीण झालेल्या दहातल्या एक-दोघांना हे होतं. वय जितकं जास्त तितका धोका जास्त. साठीच्या पुढं तर बराच वाढतो. सुरुवातीचा ठणका जबर असेल, फोड खूप असतील, तरीही शक्यता वाढते. तेव्हा आत्याबाई काही जगावेगळ्या नाहीत. आणि दिलाशाची गोष्ट अशी की बहुतेकांचं हे दुखणं महिन्यामहिन्यानं उतरत जातं. काहींना वर्ष लागतं, थोड्यांना त्याहून जास्त. पण उतरेपर्यंत नुसतं सोसत बसायचं कारण नाही.

आता औषधं. नीट कान दे, कारण इथंच घरोघरी गोंधळ होतो. मेडिकलमधून आणलेल्या नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी त्यांना फरक पडला नाही, बरोबर? पडणारही नाही फारसा. त्या गोळ्या सुजेवर, अंगदुखीवर चालतात. नसेच्या दुखण्याला वेगळी औषधं लागतात. रोज त्याच गोळ्या गिळत राहिल्या तर आराम नाहीच, पोट आणि किडनी मात्र बिघडायची. त्या आधी बंद कर आणि डॉक्टरांना सांग की इतके दिवस घेतल्या.

डॉक्टर बहुधा गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन देतील, नाहीतर अमिट्रिप्टिलीन किंवा नॉरट्रिप्टिलीन. आणि मग घरातला एखादा शिकलेला पोरगा मोबाइलवर बघून सांगेल, ‘आजीला फिटची गोळी दिलीय,’ नाहीतर ‘ही तर डिप्रेशनची गोळी!’ लगेच घरात कुजबुज, म्हातारीला वेडाची गोळी चालू केली म्हणून. तू तिथल्या तिथं थांबव हे. ही औषधं मूळ त्या आजारांसाठी आली हे खरं, पण नसेचे चुकीचे निरोप ती शांत करतात असं नंतर लक्षात आलं. म्हणून ती यासाठीही देतात. आत्याबाईंना वेड लागलेलं नाही.

या औषधांचा स्वभावही समजून घे. ती बारीक डोसापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. गुण दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून डबी फेकून द्यायची नाही. सुरुवातीला पेंग येते, गरगरतं, तोंडाला कोरड पडते, शौचाला खडा होतो. अमिट्रिप्टिलीनच्या गटातल्या औषधांनी वयस्कर माणसाची लघवी तुंबू शकते, हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून हृदयाचा त्रास, काचबिंदू, किडनीचा त्रास, आधीच्या चालू गोळ्या हे सगळं डॉक्टरांना आधी सांगायचं. किडनी कमजोर असेल तर गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिनचा डोस कमी ठेवावा लागतो. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायचं नाही. डॉक्टर सांगतील तसं उतरवत आणायचं. सोबत झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं दिल्या तर बघ, मी तिथं येऊन रागावेन. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

कातडीवर लावायचे उपायही आहेत. लिडोकेनची पट्टी मिळते, ती दुखऱ्या जागेवर बारा तास लावायची आणि बारा तास काढून ठेवायची. कातडी अखंड असेल तरच. वयस्कर माणसाला ती चांगली, कारण तिनं पेंग येत नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलमही असतं. पहिल्यांदा ते झोंबतं, मग नसेची संवेदना बोथट करतं. पण ऐक, यावरून कुणी घरी मिरची वाटून लावायला सांगितली तर हात जोडून नाही म्हण. कातडी भाजेल त्यांची.

दवाखान्याला जायचं तर लांब नाही तुला. नीरा रस्त्यानं बारामती जवळच. सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलंस तरी चालेल. फक्त एक वाक्य ठामपणे बोल, ‘नागीण होऊन तीन महिने झाले, आता फोड नाहीत, पण त्याच पट्ट्यात आग होते आणि कपडा लागला तरी दुखतं.’ एवढं ऐकलं की डॉक्टरांना दिशा कळते. नुसतं ‘अंग दुखतंय’ म्हणालीस तर पुन्हा त्याच गोळ्या पदरात पडतील. दोन-तीन औषधं नीट घेऊनही आराम पडला नाही, तर पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत दुखण्यासाठी वेगळे पेन क्लिनिक असतात. तिथं भूलतज्ज्ञ नसेजवळ इंजेक्शन देऊन ती सुन्न करतात. तो रस्ताही उघडा आहे, पण पहिल्याच दिवशी तिकडं धावायची गरज नाही.

जाण्याआधी पोरांची एक जुनी वही घे. रोज संध्याकाळी आत्याबाईंना विचार, ‘आज दुखणं दहापैकी किती?’ आणि आकडा लिही. रात्री किती झोप झाली, कोणती गोळी किती वाजता घेतली, गरगरलं का, तेही लिही. त्यांना आकडा सांगता येत नसेल तर रुपयात विचार; चार आणे, आठ आणे, बारा आणे असं सांगता येतंच त्यांना. औषधानं दुखणं पूर्ण शून्यावर येईलच असं नाही. पण ते अर्ध्यावर आलं, रात्रीची झोप लागायला लागली, तरी ते मोठं यश आहे. वहीत आकडे नसतील तर तो हळू झालेला फरक कुणाच्याच ध्यानात येत नाही आणि सगळे म्हणतात, काही फरक नाही.

आता घरातल्या गोष्टी. यात तुला कुणी शिकवायला नको, तरी सांगते. अंगाला लागणारा कपडा धुऊन धुऊन मऊ झालेला सुती हवा. जुन्या लुगड्याचा, मलमलचा. नवीन कडक साडी, नायलॉन, जरीची कड नको. परकराची नाडी नेमकी पट्ट्यावर येत असेल तर घरात गाऊन घालू दे, लोक काय म्हणतील ते मी बघते. ब्लाऊज सैल शिव आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेव. बऱ्याच जणींना ती जागा मऊ सुती पट्टीनं जरा घट्टसर बांधून ठेवली की कपड्याचं घासणं थांबतं आणि आराम पडतो. करून बघ, त्रास झाला तर सोड. पंखा थेट अंगावर नको, भिंतीकडं वळव. अंघोळीला कोमट पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडं जीव नकोसा करणारी उष्णता असते, घामानं आग वाढते, तेव्हा गार पाण्याचा पिळलेला कपडा ठेवून बघ. बर्फ थेट लावू नकोस. जागा बधिर असेल तर भाजल्यासारखी इजा होते आणि कळतही नाही. त्याच कारणानं गरम पाण्याची पिशवीही नको. आणि बाम चोळायचा नाही, कितीही म्हणाल्या तरी.

रात्रीचं तर पहिलं बघ. गोळीनं गरगरतं, म्हातारं माणूस अंधारात उठतं आणि पडतं. नसेच्या दुखण्यानं कुणी सहसा दगावत नाही, पण खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतं. म्हणून मोरीपर्यंत बारीक दिवा राहू दे, उशाशी टॉर्च ठेव, वाटेतली पायपुसणी आणि पोरांच्या चपला उचल. पहिले पंधरा-वीस दिवस त्यांनी एकटीनं उठायचं नाही, हाक मारायची, असं ठरवून टाक.

आणि साखर तपासून घे. उसाच्या गावात गुळाचा चहा आणि रस कुणाला चुकलाय? पण मधुमेह असेल तर त्याच्यानं नसा आधीच कमजोर होतात. पायांची आग वेगळी आणि नागिणीची आग वेगळी, हे डॉक्टरांना वेगवेगळं सांग.

आता हे तुझ्यासाठी, घरातल्या बाकीच्यांसाठी आणि शेजारपाजारच्या बायांसाठी. नागीण कुठं उठली यावर बरंच अवलंबून असतं. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकाच फांदीची असते. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. कानात फोड, कान दुखतोय आणि तोंड एका बाजूला वाकडं झालंय, चक्कर येतेय, ऐकू कमी येतंय, तर तेही त्याच दिवशी. चेहऱ्याची नस वाचवायला वेळ थोडा असतो. कमरेखाली नागीण उठून लघवी तुंबली, हात किंवा पाय उचलेना झाला, जोराची डोकेदुखी आणि तापाबरोबर माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर घरी बसायचं नाही, 108 ला फोन लावायचा. नागिणीनंतरचे काही आठवडे-महिने पक्षाघाताचा धोकाही थोडा वाढलेला असतो. तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर एक मिनिट वाया घालवायचं नाही.

आणि त्या पहिल्या दिवसांचं राहिलंच. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त गुण येतो. असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते, व्हॅलासायक्लोव्हिर तीन वेळा. साधारण सात दिवस. फोड लवकर सुकतात, सुरुवातीचा ठणका कमी होतो. नंतरचं दुखणं त्यानं शंभर टक्के टळतंच असं नाही, म्हणून ठणका सुरुवातीपासून नीट दाबणंही तितकंच गरजेचं. तीन दिवस उलटून गेले तरी नवे फोड येत असतील, चेहऱ्यावर असतील किंवा माणूस अशक्त असेल, तर डॉक्टर औषध देतातच. ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी थांबायचं नाही. भिशीच्या बायकांत हे एवढं सांगितलंस तरी कुणाच्या तरी सासूचे, आईचे कितीतरी महिने वाचतील.

लस आहे का, असं तू विचारशीलच. आहे. शिंग्रिक्स नावाची लस 2023 पासून भारतात मिळते. पन्नाशीच्या पुढच्यांना दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याआधीही देतात. पन्नाशीपुढच्या माणसांवरच्या चाचण्यांत तिनं नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं, आणि नागीणच टळली की हे मागचं दुखणंही टळतं. सरकारी मोफत लसीकरणात मात्र ती नाही, एकेका डोसाला हजारो रुपये पडतात. आत्याबाईंच्या आजच्या दुखण्यावर तिचा उपयोग नाही. पण नागीण पुन्हा उठू शकते, तेव्हा त्या सावरल्या की डॉक्टरांना विचार. मामंजींचंही विचार. एवढे पैसे काढायला जड जातं हे मला समजतं. नाही जमलं तर स्वतःला दोष देऊ नकोस. 72 तासांचं लक्षात ठेवणं फुकट आहे.

शेवटी मनाचं. रात्र-रात्र झोप नाही, महिने दुखतंय, मग माणूस चिडचिडं होतं, जेवण टाकतं, ‘देवानं उचलावं’ म्हणायला लागतं. आत्याबाई असं म्हणाल्या तर हसून सोडू नकोस. विचार, ‘आत्या, खरंच असं वाटतंय का?’ विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. डॉक्टरांना सांग, आणि मोकळं बोलायला टेलीमानसचा 14416 हा नंबर आहे, सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही लागतो. त्यांना दिवसातून काहीतरी हातात दे. शेंगा फोडणं, मेथी निवडणं, नातवाला गोष्ट. दुखणं जात नाही त्यानं, पण ध्यान थोडं वळतं. सकाळ-संध्याकाळ ओसरीपर्यंत का होईना, चालव.

आणि तू? तुझं काय? रोज रात्री तूच उठतेस ना? ते थांबव. एक रात्र तू, एक रात्र दाजी. आई त्यांचीही आहे. जाऊबाई पुण्याला आहेत म्हणून सुटल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी येऊन दोन दिवस त्यांनी बघायचं. सांगायला जीभ जड होत असेल तर मी फोन करते त्यांना. दुपारी अर्धा तास तू आडवी पडायचीस, भांडी पळून जात नाहीत. तुला झोप नसली की आत्याबाईंची हाक कटकट वाटायला लागते आणि मग तुझंच मन तुला खातं. झोप झाली की तीच हाक साधी हाक वाटते.

आता ठरलं ते पुन्हा सांगते. आज संध्याकाळपासून वही. उद्या दाजींकडून जुने कागद आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत जमा करून घे. परवा बारामती. औषध चालू झालं की धीर धरायचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडं. मला मात्र त्याआधी, दर रविवारी फोन कर आणि आकडा सांग. आठच राहिला असेल तरी सांग, सातवर आला तरी सांग. आठाचा सात झाला तर आपण दोघी मिळून त्याला चांगली बातमी म्हणू.